बेटावरची निवृत्ती आणि जुनी एमजीबी : शोधण्यापासून रस्त्यावर आणण्यापर्यंत

कॅनडाच्या पश्चिम टोकाला असलेलं व्हँकुव्हर बेट हे निवृत्तांचं आवडतं ठिकाण आहे. व्हिक्टोरिया, सिडनी, डंकन, क्वालिकम बीच अशा गावांत केस पिकलेली माणसं जागोजागी दिसतात. त्यांच्यात मुलांपाठोपाठ इथे आलेली किंवा आयुष्यभर कॅनडात नोकरी करून शेवटी बेटावर स्थिरावलेली मराठी माणसंही आहेत. यातल्या ज्यांना हाताला तेल लागलेलं आवडतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. कारण या बेटावरच्या जुन्या गॅरेजांत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या अजून सापडतात, आणि त्या पुन्हा चालत्या करणं साठी-पासष्टीनंतरही पूर्णपणे जमण्यासारखं काम आहे.

या गाड्या इथेच टिकून राहण्याला हवामान कारणीभूत आहे. ऑलिंपिक पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेमुळे व्हिक्टोरियात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बर्फ इतका कमी की रस्त्यावर मीठ टाकण्याची वेळ फार थोड्या दिवशी येते. ओंटॅरिओत हेच मीठ गाड्यांचा पत्रा खाऊन टाकतं. शिवाय बेटावर ब्रिटनशी नातं सांगणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, एमजी यांची हौसही जुनी आहे.

मी फक्त एमजी कंपनीच्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीबद्दल लिहिणार आहे. पहिली जुनी गाडी घेणाऱ्याने एमजीबीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या पाच लाखांहून जास्त बनल्या. म्हणून सुटे भाग आजही मुबलक मिळतात. मूळ साच्यांवर ठोकलेला संपूर्ण नवा सांगाडासुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून बनवते. आणि आपल्याकडच्या माणसाला यात एक जुनी ओळख भेटते : एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एमजीच्या तेव्हाच्या मालक कंपनीच्या, म्हणजे बीएमसीच्या, ‘बी सिरीज’ घराण्यातलं आहे, आणि आपल्या अँबॅसेडरमधलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. ज्याने कधीकाळी अँबॅसेडरचे टॅपेट सेट केले आहेत, त्याला एमजीबीचं बोनेट उघडल्यावर काहीच परकं वाटणार नाही.

पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा क्रमात आहे. आधी सांगाडा, मग ब्रेक, मग तारा, मग पेट्रोल, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. गाडी हातात आली की प्रत्येकाला पहिल्याच दिवशी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. तो मोह आवरा.

कोणत्या सालची घ्यावी

१९७४ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना क्रोमचे बंपर आहेत. त्यानंतर अमेरिकी नियमांमुळे काळे रबरी बंपर आले, गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढवली गेली आणि वळणावर ती जास्त कलू लागली. १९७५ पासून उत्तर अमेरिकेत आलेल्या गाड्यांत दोन एसयू कार्ब्युरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग बसवला गेला. मुळात ९५ अश्वशक्तीचं असलेलं इंजिन शेवटी साठ-बासष्टवर घसरलं. म्हणून क्रोमवाल्या गाड्यांना भाव जास्त. पण रबरी बंपरवाली चांगल्या पत्र्याची आणि क्रोमवाली सडक्या पत्र्याची असा पर्याय समोर आला, तर क्षणभरही विचार न करता रबरी बंपरवाली घ्या. कार्ब्युरेटर बदलता येतो, उंचीही कमी करता येते. सडलेला सांगाडा मात्र पैसे गिळत राहतो.

१९६४ च्या शरद ऋतूपर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग होते, त्यानंतर पाच. पाचवालं जास्त दमाचं आहे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू गाडीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (करकर न होता गिअर पडण्याची सोय) आला आणि विजेची जोडणी उलटली. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. हे माहीत नसताना नवा रेडिओ किंवा चार्जर लावला तर तो तत्क्षणी जळतो. माझ्या मते १९६८ ते १९७४ ही वर्षं सर्वांत सोयीची.

ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय) असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. साध्या चौथ्या गिअरमध्ये ताशी शंभर किलोमीटरला इंजिन जवळपास ३५०० फेरे घेतं, ओव्हरड्राइव्हमध्ये तेच २८०० वर येतं. व्हिक्टोरियाहून नानाइमोकडे जाताना मालाहाटचा घाट ओलांडावा लागतो. त्या रस्त्यावर हा फरक कानांना आणि इंजिनाला दोघांनाही जाणवतो.

उघडी रोडस्टर की पक्क्या छताची जीटी? मन रोडस्टरकडे ओढ घेतं. पण बेटावरचा नोव्हेंबर ते मार्च ओलाच असतो, आणि जीटीला मागे वर उघडणारं दार, उंच काच आणि कोरडं छप्पर मिळतं. ज्यांची कंबर किंवा गुडघे कुरकुरतात त्यांनी दोन्हीत किमान चार वेळा बसून उठून बघावं आणि मगच ठरवावं.

शोध

सर्वोत्तम गाड्या जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. बेटावर ओल्ड इंग्लिश कार क्लबच्या शाखा आहेत. गाडी नसतानाही सभासद व्हा, बैठकांना जा, प्रश्न विचारा. ‘आमच्या शेजारच्या आजोबांची एक उभी आहे, आजींना आता जागा हवी आहे’ असं वाक्य तिथेच कानावर पडतं. लेडीस्मिथच्या समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यात ब्रिटिश गाड्यांचा मेळावा भरतो, आणि मे महिन्यात व्हँकुव्हर शहरातल्या व्हॅनड्युसेन बागेत मोठा मेळावा असतो. तिथे गाड्यांपेक्षा मालकांशी बोला. कोणत्या गाडीवर कोणी काम केलं, कोणता वेल्डर बरा, कोणाचा हात पेंटमध्ये चांगला, हे सगळं इथे कळतं.

मुख्य भूमीवर जास्त गाड्या आहेत, पण मध्ये पाणी आहे. बंद पडलेली गाडी आणायची तर ट्रेलर लागतो आणि बोटीचं भाडं लांबीवर वाढतं. गाडी, ओढणारा ट्रक, दोन फेऱ्या आणि दिवस असा पूर्ण हिशेब मांडला की बेटावरची थोडी महाग गाडीसुद्धा स्वस्त पडते. शिवाय बेटावरची गाडी तीनदा जाऊन बघता येते. हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

अंदाजपत्रक ठरवताना जेवढे पैसे आहेत त्यातले अर्धेच खरेदीला धरा. उरलेले अर्धे लागतातच.

गाडी बघायला जाताना

जुने कपडे, टॉर्च, लहान चुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि सोबत एक माणूस. दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा. ओली गाडी नेहमीच चकचकीत दिसते.

एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. त्यातही दरवाज्याखालून जाणारी पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, ती रोडस्टरचा कणा आहे. वर छप्पर नसल्यामुळे गाडीला मधोमध वाकण्यापासून हीच अडवते. तिचे बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि खालची पट्टी असे थर असतात, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बोटाएवढा फुगवटा दिसला तर आत हातभर सडलेलं असतं.

पारख अशी करा. दरवाजा बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. वर निमुळती आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे बसली आहे. मग सिलजवळच्या जॅकच्या जागेवर जॅक लावून ती बाजू हळू उचला आणि दरवाजा उघडा-मिटा. फट बदलली, दरवाजा घासू लागला किंवा जॅकखाली पत्रा करकरला, तर पाय मागे घ्या. ही एक चाचणी बाकी सगळ्या चाचण्यांपेक्षा मोलाची आहे, आणि जो विक्रेता ती करू देत नाही त्याची गाडी घेऊ नका.

चुंबक सिलच्या तळाशी, मागच्या चाकाच्या कमानीवर आणि दरवाज्यामागच्या कोपऱ्यात फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. अपवाद बोनेटचा : सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांचं बोनेट मुळातच ॲल्युमिनियमचं आहे, तिथे घाबरू नका. सिलवर स्टीलची चकचकीत पट्टी चढवलेली दिसली तर ती सौंदर्यासाठी आहे असं समजू नका. मूळ सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत घुसलेलं असतं, त्यामुळे ते नीट बदलायला मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. ते टाळण्यासाठी सडलेल्यावर नवा पत्रा चढवणारे पुष्कळ असतात. अशा झाकणाखाली गंज जोमाने वाढतो.

पुढच्या मडगार्डचा वरचा भाग, काचेच्या पायथ्याशी, बोटाने दाबून बघा. आत चिखल साचतो आणि तिथून पत्रा जातो. सीटमागची झाकणं उघडा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांची खोकी आम्लाने कुजतात. ती बदलणं सोपं आहे, त्यामुळे भाव कमी करायला तो मुद्दा कामाला येतो. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे सांगाड्याला अडकतात ती जागा सडलेली असेल तर मात्र काम वेल्डरचं आहे. गालिचे वर करा, पायाखालचा पत्रा बघा.

तारांची चाकं असतील तर एक चाक वर उचला, सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. ‘टक’ असा आवाज आला तर हबवरचे दाते झिजले आहेत. चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात. फक्त एक बदललं तर जुनं नव्याला खाऊन टाकतं.

इंजिनाबद्दल मी इथे थोडकंच सांगतो, कारण तुलनेने तो स्वस्त भाग आहे. चालू असेल तर गरम झाल्यावर ऑइल प्रेशर बघा : चालताना ५० ते ८० पीएसआय, गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना १५-२० असेल तर उत्तम. रेडिएटरच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, धूर निळा, दुसऱ्या गिअरमध्ये करकर, हे सगळं भावात वळतं करून घ्यायचं.

कागदपत्रं

गाडीवरचा क्रमांक आणि नोंदणीवरचा क्रमांक स्वतः डोळ्यांनी जुळवा. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक एमजीबींचा क्रमांक ‘जीएचएन’ने सुरू होतो. त्यात ‘जी’ म्हणजे एमजी, ‘एच’ म्हणजे इंजिनाचा आकारगट आणि ‘एन’ म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. जीटीला ‘एन’ऐवजी ‘डी’ असतो. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ हा मालिकेचा. इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम या क्रमांकावरून कारखान्याच्या नोंदींचं प्रमाणपत्र देतं. गाडी कोणत्या दिवशी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली हे त्यात येतं. खरेदीपूर्वी त्याची गरज नाही, पण गाडी घरी आल्यावर जरूर मागवा.

ब्रिटिश कोलंबियात नोंदणी आणि मूळ विमा आयसीबीसी या प्रांताच्या सरकारी विमा कंपनीमार्फत होतो. विक्रेत्याने सही केलेला हस्तांतर अर्ज आणि नोंदणीपत्र घेऊन विमा एजंटाकडे जावं लागतं. खासगी खरेदीवर प्रांताचा कर भरावा लागतो, तो आधीच हिशेबात धरा. गाडीवर कोणाचं कर्ज थकलेलं नाही ना याची प्रांताच्या नोंदवहीत चौकशी करा. दुसऱ्या प्रांतातून आणलेल्या गाडीला तपासणी करून घ्यावी लागते. २५ वर्षांपुढच्या आणि मूळ स्वरूपात चांगल्या ठेवलेल्या गाडीला फोटोंसह अर्ज करून ‘कलेक्टर’ पाटी, म्हणजे हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट, मिळू शकते. त्या पाटीवर रोजच्या कामाधंद्याला गाडी वापरता येत नाही, पण निवृत्ताला त्याची अडचण नाही.

जागा, हत्यारं आणि आपलं शरीर

गाडीभोवती सर्व बाजूंनी निदान एक मीटर मोकळी जागा, सपाट सिमेंटची जमीन आणि भरपूर उजेड हवा. थंड फरशीवर पाठ टेकून तासभर काम केलं की दुसरा दिवस वाया जातो. खाली जाड रबरी चटई टाका, चाकं असलेली फळी घ्या, बसायला छोटं स्टूल ठेवा. जड गोष्टी एकट्याने उचलायच्या नाहीत. क्लबातला मित्र बोलावला की चहासोबत ते काम दहा मिनिटांत होतं.

या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापातले आहेत. मेट्रिक पाने लावाल तर कोपरे गोल होतील. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश, पाच-अष्टमांश आणि तीन-चतुर्थांश इंच या पान्यांवर बहुतेक काम भागतं. सोबत टॉर्क पाना, फीलर गेज, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि चार भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही. घोड्या लावल्यावर गाडीला जोरात ढकलून बघा, हलली नाही तरच खाली जा.

प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा आणि नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. दोन महिन्यांनी कुठला वायसर कुठला हे कोणालाच आठवत नाही.

पहिलं काम : ब्रेक

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक निकामी झालेले आहेत असंच गृहीत धरा, पेडल घट्ट लागलं तरीही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजतात.

पुढच्या चाकांना डिस्क, मागे ड्रम. पुढच्या कॅलिपरमधले पिस्टन अडकले असतील तर ते काढून साफ करता येतात, पण पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवे बसवा. मागचे सिलिंडर इतके स्वस्त आहेत की ते सरळ बदलावेत. रबरी होज तिन्ही बदला. बाहेरून धडधाकट दिसणारं होज आतून फुगलेलं असतं, तेल जाऊ देतं पण परत येऊ देत नाही, आणि चाक अडकून बसतं. लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या घाला, त्या गंजत नाहीत. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. पाण्याने भिजवून पुसून घ्यायची, तोंडाला मास्क लावून.

तेल डॉट ४ घाला. ते रंगावर सांडलं तर रंग उतरतो, जवळ पाण्याची बादली ठेवा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. क्लचचं हायड्रॉलिकही याच वेळी उरकून घ्या, कारण त्यातलं तेलही तेवढंच जुनं आहे.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपुढचं टायर काढून टाका.

दुसरं काम : तारा

या गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या वायरिंगला लोक उगाच नावं ठेवतात. पन्नास वर्षांच्या गाडीत तारा क्वचितच मेलेल्या असतात, बिघाड असतो जोडांत आणि अर्थिंगमध्ये. रंगांची भाषा पाठ केली की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीतून सदैव जिवंत, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत पण फ्यूजविना, हिरवी म्हणजे चावीनंतर आणि फ्यूजमधून, जांभळी म्हणजे सदैव जिवंत आणि फ्यूजमधून, लाल म्हणजे बारीक दिवे, निळी म्हणजे हेडलाइट, काळी म्हणजे अर्थ.

बॅटरी काढून ठेवा आणि एकेक गोळीसारखा जोड ओढून काढा, बारीक पॉलिश कागदाने घासा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवा. कंटाळवाणं काम आहे, पावसाळी दुपारी रेडिओ लावून करण्याचं. फ्यूजपेटीचे पाय हिरवे पडलेले असतात, तेही घासा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थची पट्टी जागेवर आहे ना ते बघा. ती नसेल तर स्टार्टरचा सगळा प्रवाह चोकच्या तारेतून वाट काढतो आणि तार लाल होते.

कोणी आधीच्या मालकाने जोडलेल्या भलत्या रंगाच्या तारा दिसतील. त्या कुठून कुठे जातात ते शोधा आणि उपयोग नसेल तर मुळापासून काढा. जळण्याचा धोका मूळ तारांपेक्षा यांच्यातच जास्त असतो. मग आधी टेस्ट लॅम्प आणि लहान फ्यूज मध्ये घालून बॅटरी जोडा, धूर नाही याची खात्री झाल्यावरच पक्की जोडा.

तिसरं काम : पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून पुनर्वापर केंद्रात द्या. ते वॉर्निशसारखं आंबट वासाचं झालेलं असतं. टाकी आत गंजलेली असेल तर रसायनं ओतून वाचवत बसण्यापेक्षा नवी घ्या, फार महाग नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर विरघळवतं, म्हणून सगळ्या रबरी नळ्या बदला. नव्या नळीवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं असावं.

एसयूचा विजेचा पंप गाडीच्या मागच्या भागात खाली असतो. चावी फिरवल्यावर तो टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टिकटिक थांबतच नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. अजिबात आवाज नसेल तर पंपाच्या आतले पॉइंट चिकटलेत, हलकी टपली मारून तो चालू झाला तरी त्यावर विसंबू नका, पॉइंट साफ करा किंवा पंप बदला.

दोन्ही कार्ब्युरेटर उघडून फ्लोटच्या वाट्या धुवा, सुई आणि तिची बैठक बदला, वरच्या भांड्यातला पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक’ असा खाली पडतो ना ते पाहा. दोन्ही पिस्टन आणि त्यांची भांडी आपापसांत बदलू देऊ नका, ती जोडीने घडवलेली असतात. भांड्यात वीस ग्रेडचं पातळ तेल घाला.

शेवटी इंजिन

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर हलकेच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. घाईत रिंग तुटते.

दरम्यान जुनं इंजिन ऑइल काढून २०डब्ल्यू-५० घाला. या इंजिनातल्या सपाट टॅपेटांना झिंकचं प्रमाण जास्त असलेलं तेल लागतं, जुन्या गाड्यांसाठीचं म्हणून विकलं जाणारं घ्या. गिअरबॉक्सलाही हेच तेल चालतं. रेडिएटर, ब्लॉक आणि हीटर पाण्याने उलटसुलट धुवा, सगळे होज आणि फॅनचा पट्टा बदला.

टॅपेटची फट थंड इंजिनावर पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कोणता टॅपेट केव्हा सेट करायचा यासाठी नऊचा नियम आहे : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सातवा उघडा असताना दुसरा, सहावा उघडा असताना तिसरा. बेरीज नेहमी नऊ. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फटही पंधरा थाऊ, प्लगची पंचवीस. फायरिंगचा क्रम १-३-४-२, आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

प्लग न लावताच स्टार्टर मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा वर येण्याची वाट बघा. काटा उठला की कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर आकडा थोडा कमी असला तरी चालेल, उभ्या इंजिनाच्या रिंगा चालल्यावर मोकळ्या होतात. आता प्लग लावा, अग्निशामक हाताशी ठेवा, गॅरेजचं दार सताड उघडा आणि चोक ओढून चावी फिरवा.

सुरू झालं की पहिली नजर ऑइल प्रेशरवर, दुसरी जमिनीवर. गरम झाल्यावर कार्ब्युरेटर जुळवा. दोन्हींचा हवा ओढण्याचा आवाज कानाला नळी लावून सारखा करा. मग एकेका पिस्टनला किंचित उचला. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट आहे, इंजिन मरायला लागलं तर पातळ, क्षणभर वाढून स्थिरावलं तर बरोबर.

बिनशिशाच्या पेट्रोलमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात अशी भीती घातली जाते. तेवढ्यासाठी चालतं हेड उघडू नका. कधी उघडायची वेळ आलीच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्या.

क्लच दाबूनही गिअर करकरत असेल तर आधी हायड्रॉलिकमधली हवा तपासा. क्लचची प्लेट बदलायला या गाडीत इंजिन बाहेर काढावं लागतं. ते काम क्लबातल्या चार जणांना जमवून, भाड्याच्या क्रेनने, शनिवार-रविवार धरून करायचं असतं.

रस्त्यावर

विमा उतरवल्यावर पहिली फेरी गल्लीतलीच. ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का बघा, हात लावून चारही चाकांचा हब तपासा. एखादा चटका देत असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. मग सानिच द्वीपकल्पावरचे शांत शेतरस्ते, मग काउचन बे, मग शेमेनस. मालाहाटचा घाट मात्र इंजिनाचं तापमान पंधरा-वीस मैल स्थिर राहिल्याचं बघूनच चढा. पोर्ट रेन्फ्र्यूवरून वळसा घालणारा रस्ता सुंदर आहे, पण तो खडबडीत आहे आणि मध्ये लांबवर फोन लागत नाही, म्हणून तो दुसऱ्या उन्हाळ्यासाठी ठेवा.

डिकीत पंख्याचा पट्टा, पॉइंट-कंडेन्सर-रोटरचा एक संच, फ्यूज, पाण्याची बाटली, थोडी तार आणि तीन-चार पाने कायम असू द्या. कंडेन्सर आणि रोटर नवे घेतलेत म्हणून ते चांगलेच असतील असं नाही, हल्ली निकृष्ट प्रती बाजारात फार आहेत. जुना चालता भाग फेकू नका, डब्यात जपून ठेवा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण साचलेला गाळ आता सुटलेला असतो. पुढच्या चाकांच्या किंगपिनना (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळ्यांना) ग्रीस द्या. प्रत्येक बाजूला तीन निपल असतात आणि दर तीन हजार मैलांनी ग्रीस मागतात. हेडचे नट थंड इंजिनावर टॉर्क पान्याने तपासा, टॅपेटची फट पुन्हा मोजा, होजच्या क्लिपा, स्प्रिंगांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट आवळून घ्या. पावसाळा लागण्याआधी सिलच्या पोकळीत तळाच्या निचऱ्याच्या छिद्रांतून मेणाचा फवारा मारा, आणि मारून झाल्यावर ती छिद्रं काडीने मोकळी करा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथेच साचून राहील.